‘होद्दा वेगळा आहे’ एवढ्यावर परत येऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये सहा वर्षं, शिक्षण एमएस्सी, आणि तुमच्यानंतर लागलेल्या, तुम्हीच मशीन शिकवलेल्या मुलाला सात हजार रुपये जास्त. विचारलं तर एचआर म्हणतं, त्याचं पद वेगळं आहे आणि पगार गोपनीय असतो. खाली एका सदस्यांनी लिहिलंय की हा बाजारभाव आहे, ह्यात भेदभाव शोधू नका. मीही बडोद्यातच, अशाच एका लॅबमध्ये नोकरी केली आणि नेमकं हेच ऐकलं. मी वकील नाही. कायद्याचं जे लिहिते आहे ते पुढचं पाऊल टाकण्याआधी एखाद्या कामगार-वकिलाकडून तपासून घ्या.

स्लिपा सांभाळून ठेवणं, बोलणी ईमेलवर करणं हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देते.

आधी बाजारभावाचं. पगारात फरक असण्याची रास्त कारणं असतात आणि ती मान्य करायला हवीत. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच ती मांडून ठेवली आहेत: काम किती त्रासाचं, शिकायला किती खर्च येतो, काम बारमाही आहे की अधूनमधून, किती विश्वासाचं आहे, यश मिळण्याची खात्री किती. तेव्हा त्या मुलाला रात्रपाळीचा भत्ता असेल तर तो सात हजारांतून वजा करा. फॅक्टरी अ‍ॅक्टमुळे वर्षानुवर्षं कारखान्यात बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामच देता येत नव्हतं, त्यामुळे तो भत्ता आमच्या वाट्याला कधी आलाच नाही. तरीही तो रात्र जागण्याचा मोबदला आहे, त्यावर भांडू नका. भांडायचं ते बेसिकवर. बेसिकमध्ये ४,००० चा फरक असला आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील, तर कंपनीच्या १२ टक्के हिश्शातच दरमहा ४८० रुपये कमी पडतात. ग्रॅच्युइटी पंधरा दिवसांच्या पगारावर, २६ ने भागून काढतात. वीस वर्षांच्या नोकरीवर तेवढ्याच फरकाचे ४६ हजारांहून जास्त जातात. एचआर तुम्हाला हातात येणाऱ्या रकमेवर बोलायला लावेल. तिकडे जाऊ नका.

रास्त कारणं वजा करून जे उरतं, त्याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञही असाच करतात. ओहाका आणि ब्लाइंडर ह्या दोघांनी १९७३ मध्ये वेगवेगळी तीच पद्धत मांडली: शिक्षण, अनुभव, कामाचा प्रकार ह्यांनी फरकाचा किती भाग उलगडतो ते काढायचं आणि उरलेला भाग वेगळा ठेवायचा. उरलेलं सगळंच भेदभाव असतं असं नाही, ह्या सावधगिरीशी मी सहमत आहे. पण उलट बाजू कोणी बोलत नाही. जो भाग ‘उलगडला’ तोही स्वच्छ असतोच असं नाही. आमच्याकडे एचपीएलसीचं (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनचं) ट्रेनिंग आलं की नावं मुलांचीच जायची, कारण ‘मुली लग्न करून जातात’. दोन वर्षांनी त्याच ट्रेनिंगच्या जोरावर त्यांची ग्रेड वाढायची. कागदावर कौशल्याचा फरक, म्हणजे अगदी रास्त कारण. एका माणसाला त्याच्या गटाच्या सरासरीवरून तोलायचं, ह्यालाच फेल्प्स आणि अ‍ॅरो ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात संख्याशास्त्रीय भेदभाव म्हटलं. त्यातला सगळ्यात वाईट भाग हा की तो स्वतःलाच खरा ठरवतो. बढती मिळणार नाही हे दिसलं की मुलगी खरंच सोडून जाते, आणि साहेब म्हणतात, बघा, म्हटलं नव्हतं?

बाजारभाव म्हणणाऱ्या सदस्यांच्या मागे एक मोठा माणूस उभा आहे, हे कबूल. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरने १९५७ मध्ये मांडलं की भेदभाव करणारा मालक स्वतःच्या नावडीची किंमत मोजतो. सारखंच काम करणारी बाई कमी पगारात मिळते, तर दुसरा मालक तिला उचलेल, नफा कमवेल आणि स्पर्धेत पहिला मागे पडेल. तर्क चोख आहे. पण तो चालायला तो दुसरा मालक बाईच्या आवाक्यात असावा लागतो. जास्त पगाराची जागा निघते ती शहराबाहेर, हलोल, दहेज किंवा सावली ह्या गावांकडे. बडोद्यात दांडिया बाजारात राहणारी, सासूबाईंचं औषधपाणी बघणारी, मुलाला शाळेतून आणणारी बाई तिथे कशी जाणार? तिच्यासाठी बाजार म्हणजे घरापासून अर्ध्या तासावरच्या दोन-तीन कंपन्या. विकत घेणारेच मोजके असले की मजुरीचा भाव ते ठरवतात, हे अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन बाईंनी १९३३ मध्ये दाखवलं होतं. क्लॉडिया गोल्डिन ह्यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. श्रीमंत देशांबद्दल त्यांचंही हेच सांगणं: आता मोठा फरक उरलाय तो एकाच व्यवसायातल्या बाई-पुरुषांत, आणि तो पहिल्या मुलाच्या जन्मानंतर उघडा पडतो. कंपनीला आपली अडचण माहीत असते. ‘कुठे जाणार ही?’ हे गणित नियुक्तिपत्रात लिहिलेलं नसतं, पण आकड्यात असतं.

आता माझं जिथे सगळ्यात जास्त नुकसान झालं ते सांगते. कंपनीने नाकारलं ह्याचं मला नवल वाटलं नव्हतं. मोडले ते एका सरकारी कार्यालयात. कुठलं, कुठल्या खात्याचं, हे सांगणार नाही.

माझं पद होतं ‘लॅब असिस्टंट’, मुलांचं ‘केमिस्ट’. काम एकच. तेच टायट्रेशन, तेच कार्ल फिशर मशीनवर मॉइश्चर, तीच व्हिस्कॉसिटी, त्याच बॅचचा रिपोर्ट. ‘अ‍ॅनालाइज्ड बाय’च्या रकान्यात एक दिवस माझी सही, एक दिवस त्यांची. अर्ज घेऊन गेले. साहेबांनी माझं नियुक्तिपत्र आणि सोबतची पदांची यादी पाहिली आणि कागद परत सरकवले. ‘बेन, होद्दो जुदो छे, पछी शुं?’ (ताई, होद्दा वेगळा आहे, मग काय?) रोज काय काम करता, हा एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांचा प्रश्न होता, त्याचा पगार तुम्हाला कोणी सांगितला? जणू चोरी मीच केली होती. मग म्हणाले, फरक आहे असं कंपनीकडून लिहून आणा. कोणती कंपनी असं लिहून देते?

अर्ज त्यांनी ठेवून घेतला, पण आवक क्रमांक दिला नाही. ‘आधी बघून घेऊ, मग चढवू’ म्हणाले. पोच मागितली तर म्हणाले, अर्ज स्वीकारलाच नाही तर पोच कसली. आणि पुढे जे झालं त्याचा राग आजही गेलेला नाही. अर्ज न चढवताच त्यांनी कंपनीला फोन केला. थोड्याच दिवसांत लॅबमधल्या सगळ्या मुलांना नवीन पत्रं मिळाली: ‘केमिस्ट’च्या कामात शिफ्टची जबाबदारी, ड्रम हलवण्यावर देखरेख, गरज पडल्यास प्लांटवर जाणं. ह्यातलं एकही काम त्यांनी आधी केलं नव्हतं, नंतरही फारसं केलं नाही. पण कागद तयार झाला. माझी तक्रार त्या कागदाच्या आधीची, हे दाखवायला माझ्याकडे एका शिक्क्याचाही पुरावा नव्हता. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी तीच नवी पत्रं समोर ठेवून मला समजावलं.

१९७६चा समान वेतन कायदा तेव्हा लागू होता. त्याखाली मालकाला एक रजिस्टर ठेवावं लागायचं, नमुना डी. त्यात कामगारांचा वर्ग, कामाचं थोडक्यात वर्णन, पुरुष किती, स्त्रिया किती, वेतनाचा दर, बेसिक आणि भत्ते, सगळं रकान्यांत. साहेबांनी तेवढं एक रजिस्टर मागवलं असतं तर माझी पूर्ण केस एका पानावर दिसली असती. अधिकार त्यांच्याकडे होता. मागवलं नाही.

आणि होद्द्याच्या मुद्द्यावर तर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच निकाल दिला होता. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा. मुंबईची कंपनी, बाई स्टेनोग्राफर, पगार पुरुष स्टेनोंपेक्षा कमी. कंपनीचं म्हणणं, ह्या साहेबांच्या ‘कॉन्फिडेन्शियल’ स्टेनो, त्यांचा वर्गच निराळा, शिवाय युनियनशी करार झालाय, शिवाय कंपनीची परिस्थिती नाही. एकही मुद्दा टिकला नाही. न्यायालयाने सांगितलं की ‘सारख्या स्वरूपाचं काम’ कोणतं हे ठरवताना व्यापक दृष्टी ठेवा, बारीकसारीक फरकांवर दावा उडवू नका, आणि कागदावर जे करायला सांगता येईल ते बघू नका, प्रत्यक्षात सर्वसाधारणपणे जे काम केलं जातं ते बघा. हे शेवटचं मी तुम्हाला पाठ करायला सांगेन. ‘तो ड्रम उचलू शकतो’ ह्याला उत्तर एकच: उचलतो का? कोणत्या तारखेला उचलला?

आता कायदा बदललाय. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि जुना समान वेतन कायदा त्यात विलीन झाला. तत्त्व तेच आहे: सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर एकाच मालकाने वेतनात लिंगावरून भेद करायचा नाही. तुमच्या फायद्याच्या दोन गोष्टी आहेत. ‘कर्मचारी’ ह्या व्याख्येत तांत्रिक आणि सुपरवायझरी कामही येतं, म्हणजे ‘तुम्ही कामगार नाही, स्टाफ आहात’ हे ऐकून घ्यायची गरज नाही. आणि दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. काम सारखं आहे की नाही हा वाद सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जातो. तो अधिकारी कोण, हे अर्ज लिहिण्याआधी विचारून घ्या.

माझं मत असं: पगाराबद्दल एक शब्द बोलण्याआधी कामाची वही करा. स्वतःची, घरी, रोज रात्री दहा मिनिटं. कोणते सँपल, कोणतं मशीन, रिपोर्टवर सही कोणाची, त्या दिवशी त्या मुलाने काय केलं. कंपनीचे कागद किंवा त्यांचे फोटो घरी आणू नका, त्यावरूनच काढून टाकतात. मूळ रेकॉर्ड अधिकाऱ्याला मागवता येतं, तुमच्या वहीने त्याला कुठलं मागवायचं ते कळतं. काही जण म्हणतील आधी एचआरशी गोडीने बोला. मला ते पटत नाही. बोललात की पत्रं बदलतात. आधी वही, मग अर्ज. अर्ज हाताने दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. दिला नाही तर भांडत बसू नका, त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. रावपुऱ्याचं पोस्ट ऑफिस कशासाठी आहे?

त्या मुलाशी मात्र बोला. त्याच्यावर रागावू नका, त्याने तुमचं काही घेतलेलं नाही. त्याने स्वतःहून आकडा लेखी दिला तर निम्मं काम झालं.

होद्द्याची ही युक्ती फक्त आपल्यासारख्या शिकलेल्यांवर चालते असं समजू नका. सकाळी कुठल्याही कडिया (गवंडी) नाक्यावर जा, जिथे मजूर रोजच्या कामासाठी उभे असतात. दाहोद, पंचमहालातून आलेली नवरा-बायकोची जोडी एकत्र कामाला लागते. पाच-दहा वर्षांत तो कडिया होतो, करणी (गवंड्याची थापी) हातात येते, रोजी वाढते. ती घमेलं उचलून ‘हेल्पर’च राहते, कारण करणी तिच्या हातात कोणी देतच नाही. मग दोन वेगळी कामं, दोन वेगळे दर, आणि कागदावर भेदभाव शून्य.

आणि जातीचा विषय त्या सदस्यांनी ‘उगाच आणू नका’ म्हटलंय, त्यावरही एक लिहू द्या. थोरात आणि अ‍ॅटवेल ह्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. ज्यांना बोलावलंच नाही ते कुठल्याही पगाराच्या तुलनेत दिसत नाहीत. बडोद्यात बसून तर हे आपण विसरूच नये. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले. हुद्दा मोठा होता, आणि तरीही शिपाई लांबून फाइली टाकायचे. राहायला कोणी खोली दिली नाही, पारशी विश्रामगृहातून हाकलून दिलं, आणि त्यांना नोकरी सोडून जावं लागलं. त्यांच्या पगाराच्या आकड्यात हे कुठे दिसलं असतं?

आणखी एक, तुमच्या प्रश्नात नाही पण उपयोगी पडेल. पुढे दुसरीकडे इंटरव्ह्यू दिलात तर ‘सध्याचा पगार किती’ ह्याला आकडा देण्याआधी ‘ह्या ग्रेडची रेंज काय आहे’ हे विचारा. जुना कमी पगार सांगितला की नवी कंपनी त्यावरच टक्केवारीने वाढ देते आणि पहिल्या ठिकाणचा अन्याय तुमच्यासोबत पुढे जातो.

पोस्टमध्ये तुम्ही दोघांची नेमकी पदनामं लिहिलेली नाहीत, आणि रात्रपाळी त्याला प्रत्यक्षात लागते का हेही नाही. कंपनीचं आणि कोणाचंही नाव न घेता तेवढं इथे लिहा, शक्य असेल तर दोन्ही जाहिरातींतलं कामाचं वर्णनही. अर्जाचा मसुदा केलात की मला मेसेजमधून पाठवा. होद्द्याचा परिच्छेद कसा लिहायचा ते मी बघून देते, मग वकिलाला दाखवा.