वाचकांचे प्रश्न : आधी मासा, मग सॉस

गोव्यातल्या लहान शहरांत वर्षानुवर्षे चालत आलेल्या, चिनी पद्धतीची मासळी देणाऱ्या हॉटेलांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आले-पातीकांदा घातलेला वाफवलेला मासा कधी लोण्यासारखा मऊ येतो, तर कधी कोरडा आणि उग्र. मागवताना काय सांगावे? (एक वाचक, फोंडा)

मेनूकार्ड उघडण्याआधी विचारा, की आज अख्खा मासा कोणता आला आहे. वाफवलेल्या माशाला मसाल्याचा आडोसा नसतो, त्यामुळे शिळेपणा लगेच कळतो. या पदार्थाला चोणक (रायगडकडचा जिताडा), तांबोशी किंवा पापलेट घ्यावे. इसवण, म्हणजे सुरमई, घट्ट मांसाची असल्याने वाफेवर कोरडी पडते. तिचे तुकडे मिरची-लसणीत परतून घेतलेले बरे. बांगडा तेलकट. वाफवला की त्याचा वास वर येतो, म्हणून तो तळून आंबट-तिखट सॉसमध्ये मागवा. बांगडा खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण जाणवली तर मात्र ताट बाजूला ठेवा. मासा पकडल्यावर वेळेत बर्फात गेला नाही की त्यात हिस्टॅमिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही.

दुसरे कारण वेळेचे. चारशे ग्रॅमच्या पापलेटाला जोरदार वाफेवर सात-आठ मिनिटे पुरतात, आठशे ग्रॅमच्या चोणकाला दहा ते बारा. पाणी खळखळू लागल्यावरच ताटली आत जायला हवी. मासा थेट ताटलीवर टेकला तर खालची बाजू कच्ची राहते आणि ती शिजेपर्यंत वरची कोरडी होते, म्हणून खाली पातीच्या दोन-तीन जाड काड्या ठेवतात. डोळा पांढरा होऊन फुगला आणि पाठीजवळचे मांस काट्यापासून सहज सुटले, की मासा झाला.

उग्रपणा बहुतेक वेळा ताटलीत साठलेल्या गढूळ पाण्याचा असतो. ते पूर्ण ओतून टाकायचे, मग माशावर आल्याच्या आणि पातीच्या बारीक काड्या पसरायच्या आणि त्यांवर दोन मोठे चमचे कडकडीत तापलेले तेल ओतायचे. चर्र आवाज आलाच पाहिजे. शेवटी दोन चमचे सोया सॉस, एक चमचा गरम पाणी आणि अर्धा छोटा चमचा साखर एकत्र करून कडेने सोडायची. सोया आधीच घातला तर मिठामुळे मासा पाणी सोडतो. ऑर्डर देताना ‘पाणी काढून, तेल वरून’ एवढे सांगितले तरी जुना आचारी समजून घेतो.

वरची बाजू संपली की मासा उलटू नका. शेपटीकडून मधला काटा उचलून बाजूला काढा. दक्षिण चीनच्या कोळी कुटुंबांत मासा उलटणे म्हणजे होडी उलटण्याचा अपशकुन मानतात. शकुन सोडला, तरी उलटताना खालच्या मांसाचा चुरा होतो, हे खरेच.

प्रश्न : हॉटेलातली कोळंबी दाताखाली कुरकुरते. घरची रबरासारखी होते, असे का? (एक वाचक, म्हापसा)

सोललेल्या अर्धा किलो कोळंबीला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ चोळून वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. सोड्यामुळे मांस पाणी धरून ठेवते. नंतर थंड पाण्याने नीट धुवा, नाहीतर साबणासारखी चव येते, आणि कापडाने कोरडी करा. ओल्या सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, पीठ धरत नाही.

घरी चूक होते ती सगळी कोळंबी एकदम कढईत टाकण्यात. कढई थंड पडते, पाणी सुटते आणि कोळंबी परतण्याऐवजी उकडते. हॉटेलची भट्टी घरच्या गॅसपेक्षा कितीतरी तेज असते. तेव्हा घरी एका वेळी दोनशे ग्रॅमच घ्या आणि दीड-दोन मिनिटांत बाहेर काढा. अर्धगोल वळली की झाली. पूर्ण गोल वळली तर जास्त शिजली.

प्रश्न : कुर्ली (खेकडा) मेनूत ‘आकारानुसार भाव’ अशी असते. फसगत कशी टाळावी? (एक वाचक, मडगाव)

जिवंत कुर्ली टेबलाजवळ आणायला सांगा. ती तुमच्यासमोर तोलली जावी आणि तुकडे होण्याआधी पूर्ण रक्कम ठरावी. बिल आल्यावर वाद घालून काही हाती लागत नाही. सारख्या आकाराच्या दोनांतली जड ती घ्या. पोटाकडचे कवच अंगठ्याने दाबा. दबले तर कात टाकून फार दिवस झालेले नाहीत, आत मांसापेक्षा पाणी जास्त. कुर्ली कधी भरलेली असते याचा अमावास्या-पौर्णिमेवरून हिशेब घरोघरी लावतात, पण अंगठ्याची परीक्षा अधिक भरवशाची. पोटावरची झडप निमुळती असेल तर नर, त्याच्या नांग्यांत मांस भरपूर. रुंद गोल असेल तर मादी. मेलेली कुर्ली बर्फातली असली तरी नाकारा, तिचे मांस लवकर बिघडते.

प्रश्न : पावसाळ्यात जावे का? (एक वाचक, डिचोली)

जावे, पण ऑर्डर बदलून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांतले पापलेट आणि इसवण बहुधा शीतगृहातले किंवा बाहेरून आलेले असतात. नदी-खाडीतला चोणक आणि खाजनातली (भरतीचे खारे पाणी येणाऱ्या, बांध घातलेल्या सखल शेतांतली) सुंगटं मात्र तेव्हाही मिळतात, ती विचारा. गोठवलेला मासा वाफवून घेऊ नका, तळून घ्या.

प्रश्न : घरात एक शाकाहारी आणि एकाला शिंपल्यांची अॅलर्जी आहे. काय टाळावे? (एक वाचक, कुडचडे)

ऑयस्टर सॉस. तो कालवांच्या (एका प्रकारच्या शिंपल्यांच्या) अर्कापासून करतात आणि भाज्यांतही सर्रास पडतो, म्हणून ‘भाजी’ या शब्दावर विसंबू नका. सोया सॉसमध्ये साधारणपणे गहू असतो, हेही लक्षात असू द्या. तळणाचे तेल आणि कढई वेगळी आहे का, हे स्पष्ट विचारा. कोळंबी तळलेल्या तेलातच बटाटे तळले जात असतील, तर अॅलर्जी असलेल्याने आणि शाकाहारी माणसाने तळलेले काहीच घेऊ नये.

प्रश्न : पार्सल नेल्यावर नूडल्सचा गोळा का होतो? (एक वाचक, वास्को)

बंद डब्यातल्या वाफेने. सॉसचे पदार्थ वेगळ्या डब्यात मागवा, नूडल्सचे झाकण घरी पोचेपर्यंत किंचित उघडे ठेवा आणि तापलेल्या तव्यावर चमचाभर तेलात दोन मिनिटे परता. वाफवलेला मासा मात्र पार्सल मागवूच नये. तो वाटेत डब्यातल्या वाफेवर शिजत राहतो.