मास्क सैल झाला, आता प्लॅन तोच ठेवायचा का?

वडिलांना घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू आहे. चौथ्या आठवड्यात डोकं-मान स्थिर धरणारा मास्क सैल झाला म्हणून पुन्हा सीटी करायला सांगितलंय. काही बिघडलंय का?

बिघडलेलं नाही, उलट टीमचं लक्ष आहे. या उपचारात बहुधा 35 वेळा मिळून 70 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा देतात, म्हणजे सात आठवडे. तेवढ्यात वजन उतरतं, गाठ आटते, कानाखालच्या लाळग्रंथी आकसून आत सरकतात. पहिल्या स्कॅनवर आखलेला प्लॅन मग आजच्या मानेला बसेनासा होतो. लाळग्रंथी किंवा मज्जारज्जू जास्त मात्रेच्या पट्ट्यात येऊ शकतो. तुमच्या हातात आहे ते त्यांचं खाणं. गिळवत नसेल तर अन्न देण्याच्या नळीचा विषय डॉक्टरांकडे लगेच काढा.

मी मशीनवर तंत्रज्ञ आहे. रोज उपचाराआधी मशीनवरच घेतो त्या कोन-बीम सीटीत कवटी प्लॅनच्या स्कॅनशी जुळते, पण खालची मान जुळत नाही.

टेबल तीन दिशांना सरकतं, फार तर तीन अक्षांभोवती थोडं फिरतं. मानेत मात्र सात मणके आहेत, जबडा आणि खांदे वेगळेच हलतात. त्यामुळे गाठीजवळची हाडं आधी जुळवा आणि मज्जारज्जू तपासा. फरक मार्जिनबाहेर (लक्ष्याभोवती राखलेल्या मोकळ्या पट्टीबाहेर) जात असेल, तर मास्क काढून रुग्णाला पुन्हा नीट झोपवा. पाच मिनिटं जातील, जाऊ द्या.

डिफॉर्मेबल रजिस्ट्रेशनने (जुना स्कॅन ताणून-वाकवून नव्याशी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने) गाठ आणि अवयवांभोवती काढलेल्या जुन्या रेषा नव्या स्कॅनवर आपोआप येतात. डाइस (0 ते 1 मधला जुळणीचा आकडा) 0.9 आला की पुरे ना? (फिजिक्सची विद्यार्थिनी)

पुरे नाही. डाइस फक्त दोन आकार एकमेकांवर किती बसले ते सांगतो. आतला प्रत्येक बिंदू योग्य जागी गेला का, हे त्यातून कळत नाही. लाळग्रंथीच्या आत ठळक खुणा कमी, तिथे अल्गोरिदम आजूबाजूवरून अंदाज बांधतो. दातांतल्या धातूमुळे स्कॅनवर उमटणारे पट्टे त्याला आणखी चकवतात. जॅकोबियनचा नकाशा (कुठे ऊतक किती फुगवलं वा आकसवलं ते दाखवणारा) उघडून पाहा: किंमत ऋण असेल तिथे ऊतक स्वतःवरच दुमडलंय, आणि शरीरात असं होत नाही.

त्याहून अवघड जागा म्हणजे आटलेली गाठ. जुन्या स्कॅनमधल्या पेशी नव्यात उरलेल्याच नसतात, तरी अल्गोरिदम त्यांना जोडीदार शोधून देतो. म्हणून तिथल्या, जुन्या-नव्या स्कॅनवरून एकत्र केलेल्या मात्रेचे आकडे मी फार जपून वाचते. रेषा प्रत्येक स्लाइसवर डॉक्टरांनी पाहायलाच हव्यात. गाठ लहान दिसली म्हणून लक्ष्यही (किरण द्यायचा भाग) तेवढंच लहान करू नये, सूक्ष्म पेशी पूर्वीच्या जागी शिल्लक असू शकतात. रेषेचा हवेत गेलेला किंवा गाठ न पोचलेल्या हाडात शिरलेला भाग तेवढा वगळावा.

मग सगळ्यांनाच दर आठवड्याला नवा प्लॅन का देत नाहीत?

फ्रान्समधल्या आर्टिक्स चाचणीत हेच करून पाहिलं. 2023 मध्ये निकाल आला: सरसकट साप्ताहिक नव्या प्लॅनने लाळेच्या बाबतीत फायदा दिसला नाही. माझं मत, रुग्ण निवडा: मानेत मोठ्या गाठी असलेले, वजन झपाट्याने उतरणारे, मज्जारज्जूची मात्रा पहिल्याच दिवशी मर्यादेला टेकलेली असणारे.