केमिस्ट्रीला चार दिवस उरलेत, पटकन पाठ कसं करावं?

प्रश्नात लिहिलंय की बारावी बोर्डाच्या केमिस्ट्रीला चार दिवस उरलेत, क्लासच्या नोट्स तीनदा वाचून झाल्या तरी काही आठवत नाही, आणि "शेवटी हा पाठांतराचाच विषय", तर पाठ करायची युक्ती सांगा. नुसतं चार दिवसांचं विचारलं असतं तर मी पुढे गेलो असतो. पण ते "शेवटी पाठांतराचाच विषय" वाचलं आणि चहा बाजूला ठेवला. हे वाक्य मी आमच्या घरात पंचवीस वर्षं ऐकतोय.

मी निफाड तालुक्यातला. २००१ ला बारावी. नाशकात खोली घेऊन राहायचो, कॉलेज रोडला क्लास. क्लासच्या नोट्स इतक्या सुबक की वाचताना वाटायचं, आपल्याला सगळं येतंय. त्यावर मी पिवळा हायलायटर फिरवत बसायचो. शेवटी पानावर पांढरं काही उरलंच नाही. पेपरच्या चार दिवस आधी म्हटलं घरी जाऊ, शांतता मिळेल. सीबीएसवरून एसटी पकडली, घरी उतरलो तर द्राक्षांचा खुडा ऐन रंगात. शेडमध्ये पंधरा बायका, क्रेटचा ढीग, दारात व्यापाऱ्याची गाडी. कसली शांतता!

ताई तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मी कोपऱ्यात नोट्स घेऊन बसलेलो. तिनं येऊन वही काढून घेतली, रिकाम्या पेटीचा पुठ्ठा पुढ्यात टाकला, वजनं लिहायची पेन्सिल हातात दिली आणि म्हणाली, "आल्डॉलची रिअ‍ॅक्शन लिही." मी मोठ्या अक्षरात 'आल्डॉल कंडेन्सेशन' लिहिलं. खाली छान रेघ मारली. आणि थांबलो. नोट्समधलं ते पान कुठल्या बाजूला होतं, चहाचा डाग कुठे होता, सगळं डोळ्यापुढे आलं. रिअ‍ॅक्शन तेवढी येईना. ताई म्हणाली, "तुला पान पाठ आहे."

मग तिनं एकच विचारलं: अ‍ॅसिटाल्डिहाइडला आल्डॉल होतं, मग फॉर्माल्डिहाइडला का नाही? दोन तास त्यावर गेले, मध्ये चार क्रेट उचलून झाले. कार्बोनिलच्या (ऑक्सिजनला दुहेरी बंधानं जोडलेल्या कार्बनच्या) शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन, म्हणजे अल्फा हायड्रोजन, असेल तर पातळ अल्कली तो ओढून घेते आणि तो कार्बन दुसऱ्या रेणूवर चाल करून जातो. फॉर्माल्डिहाइडला शेजारीच नाही, मग अल्फा हायड्रोजन आणणार कुठून? म्हणून कडक अल्कलीत त्याचे दोन रेणू आपसातच वाटणी करतात: एक मिथेनॉल होतो, दुसरा सोडियम फॉर्मेट. ते झालं कॅनिझारो. दोन पानं एका प्रश्नात मिटली, आणि ती आजवर विसरलो नाही. बेन्झाल्डिहाइड आलं की नुसतं बघायचं, अल्फा हायड्रोजन आहे का. नाही. पुढचं आपोआप.

आता भाऊ. मोठ्या काकांचा मुलगा, घरात सगळे त्याला भाऊच म्हणतात. त्यानं बारावीला अख्खी केमिस्ट्री ओट्यावर फेऱ्या मारत घोकली, ९१ पाडले. मला ६८. तेव्हापासून कुठल्याही लग्नात, कुठल्याही पंगतीत हा विषय निघतो: "केमिस्ट्री म्हणजे घोकंपट्टी, यानं उगाच डोकं लावलं." एकदा मी त्याला विचारलं, आमचे अण्णा द्राक्षांवर फवारायचं बोर्डो (बुरशीनाशक) तयार झालं की त्यात लोखंडी खिळा का बुडवतात? (शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको.) भाऊ म्हणाला, "खिळा लाल झाला तर चुना कमी पडला." अरे, हे अण्णांना चौथी शिकून माहीत होतं! लाल का होतो, ते विचारतोय. चुना कमी पडला की तांब्याचे आयन मोकळे राहतात, लोखंड विरघळतं आणि तांबं खिळ्यावर येऊन बसतं. पुस्तकातलं प्रमाण विभव लोखंडाचं उणे ०.४४, तांब्याचं अधिक ०.३४, म्हणजे ०.७८ व्होल्टचा विद्युत घट अण्णांच्या ड्रममध्ये. भाऊनं ते आकडे ओळीनं पाठ केले होते. ड्रममध्ये काही दिसले नाहीत त्याला. मी आज नाशकातच अंबडला प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवायच्या) शॉपमध्ये आहे, रोज सकाळी टाकीतलं निकेल मोजायला ईडीटीए टायट्रेशन करतो, पिवळ्याचं जांभळं होईपर्यंत. भाऊ हिंजवडीला. चालायचंच.

बरं, तुझं. चौथ्यांदा नोट्स वाचू नकोस. कोरा कागद घे, धड्याचं नाव लिही आणि आठवेल ते सगळं उतरव. मग पुस्तक उघड आणि जे सुटलं तेवढंच लाल पेनानं भर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लाल भागाचाच पुन्हा कोरा कागद. पहिला कागद बघून रडू येईल, येऊ दे. ऑरगॅनिकची एक साखळी एका पानावर मांड: इथेनॉलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड, तिथून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, दुसऱ्या बाजूला ब्रोमोइथेन, सायनाइडनं एक कार्बन वाढवून पुढे अमाइन. बाणावर रीएजंट न बघता लिहिता आला पाहिजे.

सोळाच्या सोळा धड्यांमागे धावायची गरज नाही. पेपरात दोन गुणांचे प्रश्न बारातले आठ सोडवायचे, तीनचे बारातले आठ, चारचे पाचातले तीन. वस्तुनिष्ठ धरून छापून येतं ९८ गुणांचं, सोडवायचं ७० चं. म्हणजे दोनतीन धडे एकेका गुणापुरते वरवर बघितले तरी चालतं. कुठले, ते तुझ्या कोऱ्या कागदांनाच विचार. गणितं मात्र हातानं सोडव, आणि लॉग टेबल घेऊनच. कॅल्क्युलेटर चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सराव सगळे मोबाइलवर करतात आणि परीक्षेत अँटिलॉगपाशी दहा मिनिटं घालवतात.

एक कबूल करतो, नाहीतर भाऊ हे वाचून फोन करेल. काही गोष्टी पाठच कराव्या लागतात. अल्कोहोल ओळखायच्या ल्युकास टेस्टमध्ये टर्शरी लगेच गढूळ होतं, सेकंडरीला पाचेक मिनिटं, प्रायमरी साध्या तापमानाला नाहीच, हे कारणासकट कळलं तरी झिंक क्लोराइड आणि कडक हायड्रोक्लोरिक हे लक्षातच ठेवायचं. रंग, रीएजंटची नावं, पॉलिमरचे मोनोमर, तसंच. ते शेवटच्या संध्याकाळी घोक, ओट्यावर फेऱ्या मारत घोकलंस तरी चालेल. आणि माझे ६८ होते हेही खरं. ताईनं पुठ्ठा दिला तेव्हा चारच दिवस होते. ऑगस्टमध्ये दिला असता तर पंगतीत गप्प बसावं लागलं नसतं.

भाऊची मुलगी यंदा बारावीला आहे. परवा रात्री तिचाच फोन आला, "काका, केमिस्ट्री काही डोक्यात राहत नाहीये." मागून भाऊचा आवाज: "काय सांगतोय? पाठ करायलाच सांगतोय ना?" मी म्हटलं, पुस्तक मीट, आल्डॉल लिही आणि फोटो पाठव. दहा मिनिटांनी फोटो आला. मोठ्या अक्षरात शीर्षक, खाली छान रेघ.