९४.६ पर्सेंटाईल: कराडचं इलेक्ट्रिकल की पुण्याजवळचं एआय-डीएस?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: लेकीला एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात ९४.६ पर्सेंटाईल, प्रवर्ग ओबीसी, घर बार्शीला, उत्पन्न ८ लाखांच्या आत. कराडच्या शासकीय महाविद्यालयात इलेक्ट्रिकल मिळण्याची आशा आहे. पण घरचे म्हणतात, कॉम्प्युटरशिवाय आता काही खरं नाही. म्हणून पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स) शाखा घ्यायचा विचार चाललाय. शिवाय एक समुपदेशक प्रवेश अर्जातला कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम भरून द्यायचे १५ हजार मागतोय.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर बसतो. माझं मत आधीच सांगतो: कराडचं इलेक्ट्रिकल वर ठेवा, ते एआय-डीएस बरंच खाली.

सगळ्यात आधी पर्सेंटाईल बाजूला ठेवा आणि गुणवत्ता क्रमांक हातात घ्या. ९४.६ याचा अर्थ शंभरातली साधारण ५.४ मुलं पुढे आहेत. परीक्षेला ३ लाख मुलं बसली तर हा आकडा १६ हजारांच्या आसपास जातो, ४ लाख बसली तर २१ हजारांच्या पुढे. २०२४ ला पीसीएम गटातून सुमारे ३ लाख मुलांनी परीक्षा दिली, २०२५ ला ४ लाखांहून जास्त. त्यामुळे "दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाला ९४ वर अमुक कॉलेज मिळालं" या हिशोबाला अर्थ उरत नाही. सीईटी कक्षाच्या कटऑफ याद्यांत पर्सेंटाईलसोबत गुणवत्ता क्रमांकही छापलेला असतो. तुलना त्या क्रमांकाची करा. जागाही दरवर्षी वाढतात, म्हणून तीही अंदाजापुरतीच.

यादी वाचताना स्तंभांची नावं नीट बघा. सुरुवातीला 'एल' असेल तर त्या मुलींच्या राखीव जागा. ३० टक्के जागा मुलींसाठी असतात आणि तिथला कटऑफ बऱ्याचदा थोडा खाली येतो. बरेच पालक फक्त 'जी'चा, म्हणजे सर्वसाधारण जागांचा, स्तंभ बघून "आपल्याला मिळणार नाही" म्हणत ते कॉलेज यादीतून काढून टाकतात. शेवटचं अक्षर एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातले, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय. तुम्ही सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीत येता, तेव्हा कॉलेजच्या नावाखाली कोणतं विद्यापीठ लिहिलंय ते पाहून योग्य स्तंभ वाचा.

आता पसंतीक्रम. सर्वात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सविस्तर लिहितो. पालकांचा समज असा की एखादं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं की तिथे आपल्याला प्राधान्य मिळतं, आणि अवघड कॉलेज वर टाकलं की पसंती वाया जाते. दोन्ही चूक. जागा गुणवत्ता क्रमांकाने मिळते, पसंतीच्या क्रमांकाने नाही. तिचा नंबर आला की संगणक तिची यादी वरून खाली तपासतो आणि जी पहिली जागा रिकामी असेल ती देतो. वरच्या पाच मिळाल्या नाहीत म्हणून सहावी मिळायची शक्यता कणभरही कमी होत नाही. म्हणून यादी कटऑफच्या उतरत्या क्रमाने लावू नका. "ही आणि ती दोन्ही मिळत असतील तर कुठली घेशील?" हे लेकीला प्रत्येक जोडीबद्दल विचारा आणि तिच्या उत्तरांवरून यादी लावा. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय मिळेल न मिळेल, तिला हवं असेल तर ते कराडच्या वर टाका.

मात्र २०२५ पासून प्रवेशाच्या फेऱ्या चार झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली, तर ती जागा घ्यावीच लागते. नाकारली तर पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. त्यामुळे पहिल्या सहांत कुणाच्या आग्रहाखातर एकही नाव घालू नका. दुसरं म्हणजे, बेटरमेंटमध्ये, म्हणजे मिळालेली जागा राखून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबल्यावर, वरची पसंती मिळाली की आधीची जागा आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. यंदाची माहिती पुस्तिका मात्र स्वतः वाचा, नियम दरवर्षी थोडे हलतात.

एआय-डीएस वाईट शाखा नाही. पहिली अडीच-तीन वर्षं डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम असे बरेचसे कॉम्प्युटरचेच विषय असतात, आणि २०२४ पासून गेटमध्ये (एमटेक प्रवेश आणि सरकारी कंपन्यांतल्या भरतीसाठीच्या परीक्षेत) तिचा स्वतंत्र पेपरही आहे. माझा आक्षेप विभागावर आहे. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली आणि कॉम्प्युटर गटातल्या जागा भराभर वाढल्या. तेवढे शिकवणारे कुठून आले, हे ज्याने त्याने कॉलेजात जाऊन पाहावं. एनबीए हे दर्जाचं राष्ट्रीय मानांकन शाखेला मिळतं, कॉलेजला नाही, आणि त्यासाठी शाखेच्या निदान दोन तुकड्या बाहेर पडाव्या लागतात. दोन वर्षांच्या शाखेची एकही तुकडी अजून पास झालेली नाही. मग फलकावरचे पॅकेजचे आकडे कुणाचे? दुसऱ्या शाखांचे. जिथे तुकड्या बाहेर पडल्यात तिथेसुद्धा सर्वाधिक पॅकेज विचारू नका. वर्गात किती होते, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या मुलाला काय मिळालं, हे विचारा.

इलेक्ट्रिकलच्या बाजूने ठोस कारणं आहेत. कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या आयटी कंपन्या बहुतेक सगळ्या शाखांची मुलं घेतात, म्हणजे सॉफ्टवेअरचं दार तिलाही उघडं आहे. उलट महावितरण, महापारेषणची अभियंता पदं किंवा गेटवरून पॉवर ग्रिड, एनटीपीसीतल्या इलेक्ट्रिकलच्या जागा, इथे एआय-डीएसची पदवी चालत नाही. कराडचं कॉलेज १९६० पासूनचं, स्वायत्त, माजी विद्यार्थी सरकारी खात्यांत आणि उद्योगांत पसरलेले. तिला फिजिक्स आवडतं आणि प्रोग्रामिंग तिने अजून केलेलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. प्रोग्रामिंग ती तिथे राहूनही शिकेल. प्रयोगशाळेतलं ट्रान्सफॉर्मर आणि मशीनचं काम मात्र यूट्यूबवर होत नाही.

पण उद्या ती म्हणाली, "मला कॉम्प्युटरच करायचंय," तर इलेक्ट्रिकल लादू नका. मग एखाद्या जुन्या, मध्यम दर्जाच्या कॉलेजातलं कॉम्प्युटर किंवा आयटी वर टाका. शहर पुणेच हवं असं नाही. ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) हाही चांगला मध्यममार्ग आहे. दुसऱ्या वर्षी शाखा बदलून घेऊ, या भरवशावर मात्र काहीही घेऊ नका. त्या जागा मोजक्या असतात आणि वर्गातल्या अव्वल मुलांना जातात.

यादी पक्की करण्याआधी दोन्ही कॉलेजांत कामाच्या दिवशी जाऊन या. ऑफिसात बसू नका, तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा. शिक्षक कायम किती, वर्षात बदलतात किती, प्रॅक्टिकल खरंच होतात का, वसतिगृहात जागा मिळते का.

फीबद्दल: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांच्या आतल्या ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खासगी कॉलेजातसुद्धा. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी कक्षाच्या या केंद्रीय फेऱ्यांतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी नाही. त्यामुळे तुमच्यासाठी खरा खर्च राहण्या-जेवणाचा, आणि तो पुण्यापेक्षा कराडला कमी.

त्या समुपदेशकाला १५ हजार देऊ नका आणि लॉगिनचा पासवर्ड किंवा ओटीपी तर कुणालाच नको. सुविधा केंद्रावर मार्गदर्शन मोफत मिळतं. नॉन-क्रीमीलेयर दाखल्याची मुदत आणि जात वैधता प्रमाणपत्र आजच काढून बघा. वैधता अजून आली नसेल तर अर्ज केल्याची पावती तरी हाताशी ठेवा. ओबीसीची जागा शेवटी त्या कागदावर टिकते, आणि ऐनवेळी तो नसल्याने मुलं खुल्या प्रवर्गात गेलेली मी दरवर्षी पाहतो.