आईच्या काखेतल्या ग्रंथी आणि रिपोर्टमधली चरबी

ताई, ७४ वर्षांच्या आईच्या सोनोग्राफीत काखेतल्या लसिका ग्रंथींच्या (जंतूंशी लढणाऱ्या छोट्या गाठींच्या) मध्यभागी चरबी आहे, काठ पातळ आहे, असं आलंय आणि तुमची झोप उडालीय. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. काठ जाड झाला असता, साधारण ३ मिमीच्या वर, तर मीही पुढची तपासणी करा म्हटलं असतं.

मी पॅथॉलॉजीत असताना अशा ग्रंथी कापलेल्या खूप पाहिल्या. तरुण माणसाची ग्रंथी आतून भरीव, करडी-गुलाबी. वय झालेल्याची कापली की आत पिवळी चरबी आणि कडेने करडी बारीक किनार. कामाचा भाग तेवढाच उरलेला. रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात तिथून चरबी साठत जाते. कधीकधी त्यामुळे ग्रंथी लांबीने मोठीही दिसते, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

कामाचा भाग घटला की प्रतिकारही मंदावतो. त्यात थायमस, म्हणजे छातीतली टी-पेशी घडवणारी ग्रंथी, आक्रसलेली, त्यामुळे नव्या जंतूंशी लढायला लागणाऱ्या कोऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फारशा तयार होत नाहीत. म्हाताऱ्या माणसांत लस थोडी कमी लागू पडते ती यामुळे. तरी फ्लूची लस आईला द्याच, गंभीर आजारपणाचा धोका कमी होतो.

आता मला मनापासून सांगायचंय ते. आपल्याकडे गाठ दिसली की "वय झालं, यायच्याच" म्हणतात. वयाने ग्रंथींचा कामाचा भाग झिजतो, नव्या टणक गाठी येत नाहीत. पावसात कुळागरात (पोफळीच्या बागेत) अनवाणी फिरून पायाला जखम झाली आणि जांघेत दुखरं अवधाण (सुजलेली गाठ) आलं, तर ते जखमेबरोबर उतरतं. पण न दुखणारी, टणक, जागची न हलणारी गाठ तीन-चार आठवडे राहिली, किंवा संध्याकाळचा ताप, घटतं वजन सोबत असलं, तर थांबू नका. क्षयाच्या गंडमाळा (मानेतल्या गाठी) असतील, कर्करोगही असेल. डाव्या हंसळीच्या हाडावरची गाठ तर लगेच दाखवा. पोटातला कर्करोग कधीकधी तिथेच पहिल्यांदा हाताला लागतो.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवलं आणि सुईची तपासणी (गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासणं) सांगितली, तर करून घ्या. सुईने गाठ पसरते या भीतीपायी लोक महिनोन्‌महिने घालवतात. आईचा मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) झालाय का, तेवढं मात्र डॉक्टरांना विचारा.