कापूस वेचणीच्या दिवसांत महिन्यापूर्वी टोचलेलं नाक दुखतंय. चमकी काढून टाकू का?

काढू नका. नाक पुरतं भरायला ४ ते ६ महिने लागू शकतात. आत्ताच चमकी काढली तर भोक बुजतं, आणि आत पू असेल तर तो कोंडतो. हळद-तेल आजी हमखास सांगते, पण त्या थरावर धूळ चिकटते. मेडिकलमधलं नॉर्मल सलाईन (०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी) स्वच्छ गॉजवर घेऊन दिवसातून दोनदा पुसा, बस. कापूस नको, तंतू अडकतात (वेचणाऱ्यांना काय सांगायचं म्हणा!). चमकी फिरवत बसू नका. तोंडाला बांधता तो दुपट्टा सैल आणि धुतलेला असू द्या. फवारणीचा हात नाकाला नकोच. नुसती खाज असेल तर स्वस्त चमकीतल्या निकेल धातूच्या ॲलर्जीची शंका घ्या, सोनाराकडून सोन्याची बदलून घ्या. लाली पसरली किंवा ताप आला तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.