कोल्हापुरात कलेच्या पहिल्या वर्षाला आहे. स्त्रीवादी चित्रकार नलिनी मलानींचं काम कुठून समजून घेऊ?

तपशील आधी उरकतो: जन्म कराची, १९४६, फाळणीत घर सुटलं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, २०२३चा जपानचा क्योटो पुरस्कार. १९८७ ते ८९ मध्ये अर्पिता सिंग, माधवी पारेख, निलिमा शेख यांच्यासोबत फक्त बायकांचं फिरतं प्रदर्शन केलं, ही मला पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

सुरुवात सावल्यांपासून कर. पारदर्शक नळकांड्यांवर त्या मागच्या बाजूने उलटं रंगवतात, ती टांगून फिरवतात, वर प्रकाश सोडतात. भिंतीभर सीता, ग्रीक पुराणातली मेडिया यांच्या सावल्या पळत सुटतात. चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांच्या गावात, म्हणजे तुझ्या कोल्हापुरात, कुंचला आणि पडदा एकत्र येणं नवं नाही म्हणा!

झेरॉक्सवाल्याकडून एक पारदर्शक शीट आण, मागून रंगव, गुंडाळ, मोबाईलचा टॉर्च मार. लाईट गेल्यावर तर लई भारी दिसतंय.